सगळा जुडगा कशाला द्यायचा?

करसल्लागाराच्या ऑफिसात लोकांचे किती पासवर्ड पडून असतात, याचा अंदाज बाहेरच्या माणसाला येत नाही. आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डातला एखादा हळदीचा अडत्याच घ्या. जीएसटी, ई-वे बिल, इन्कम टॅक्स, टीडीएससाठी ट्रेसेस, आणि मुलाच्या नावावरच्या फर्मचं हेच सगळं पुन्हा. ‘‘साहेब, ऱ्हाऊ दे की तुमच्याकडंच. मला काय करायचाय पासवर्ड?’’ म्हणून तो मोकळा होतो. कितीतरी ऑफिसांत हा सगळा ऐवज एका एक्सेल फाइलीत असतो, आणि ती फाइल डेस्कटॉपवर. मी कीपासएक्ससी हा मोफत पासवर्ड मॅनेजर वापरतो. फाइल कुलूपबंद, एका मास्टर पासवर्डवर उघडणारी. तिथवर ठीक आहे.

पण माझा कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो. टॅलीला विंडोज लागतं, डिजिटल सिग्नेचरच्या डोंगलचा ड्रायव्हरही विंडोजवर कमी कुरकुरतो. म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोजची एक व्हर्च्युअल मशीन केली आहे. म्हणजे कॉम्प्युटरच्या आत, एका खिडकीत चालणारा दुसरा कॉम्प्युटर. क्लायंटनी पाठवलेल्या झिप फाइली, मॅक्रोवाल्या शीट्स, कुठली कुठली युटिलिटी, सगळं तिथंच उघडायचं. घाण झाली तर तिथंच होईल, हा हिशेब. आता सही करायची आतून आणि पासवर्ड बाहेर, मग ते आत न्यायचे कसे?

माझ्या असिस्टंटचं म्हणणं सरळ आहे. ‘‘सर, शेअर्ड फोल्डर करू, त्यात फाइल ठेवू, दोन्हीकडून उघडू. प्रत्येक वेळी इकडं बघून तिकडं टाइप कोण करणार?’’ वीस तारखेला, जीएसटीआर-3बी भरायच्या गर्दीत, हे म्हणणं अगदी पटतं. तरीही माझा त्याला विरोध आहे.

कुलूप लागलेली फाइल चोरीला गेली तर मास्टर पासवर्डाशिवाय ती उघडणं अवघड, हे खरं. पण आतल्या विंडोजमध्ये बसून आपणच ती उघडली की तो बंदोबस्त तिथं संपतो. ज्या मशीनमध्ये मी संशयास्पद झिप उघडतो, त्याच मशीनच्या कीबोर्डवर मास्टर पासवर्ड टाइप करायचा? तिथं कीलॉगर, म्हणजे टाइप केलेलं प्रत्येक अक्षर टिपणारा प्रोग्रॅम, बसलेला असेल तर त्याला एवढंच हवं असतं. 2022 मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरच्या कंपनीत झालेली चोरी अशीच पुढं सरकली होती. कंपनीच्या एका इंजिनीअरच्या घरच्या कॉम्प्युटरवर, एका मीडिया सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून, कीलॉगर शिरला आणि मास्टर पासवर्ड उचलला गेला. धंदाच पासवर्ड सांभाळण्याचा, तिथं ही गत.

दुसरी गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. व्हर्च्युअल मशीन चालू असताना तिचा स्नॅपशॉट घेतला किंवा ‘सेव्ह स्टेट’ करून ती बंद केली, की त्या क्षणीची तिची सगळी मेमरी डिस्कवर लिहिली जाते. पासवर्ड मॅनेजर उघडा असेल तर तोही त्यातच. 2023 मध्ये कीपास या वेगळ्या पासवर्ड मॅनेजरच्या 2.एक्स मालिकेत असा दोष निघाला होता की मेमरीच्या नुसत्या प्रतीवरून, पहिलं अक्षर सोडून, जवळजवळ अख्खा मास्टर पासवर्ड जुळवता येत होता. 2.54 मध्ये तो दुरुस्त झाला. कीपासएक्ससीला तो नव्हताच. पण आपण मात्र स्नॅपशॉट घेतो, बॅकअपच्या डिस्कवर टाकतो आणि विसरतो.

कॉपी-पेस्टचं काय? व्हर्च्युअलबॉक्स क्लिपबोर्ड मुळात बंद ठेवतं, हे त्यांनी शहाणपणाचं केलं. लोक तो ‘दोन्हीकडून’ करून टाकतात. मी फक्त बाहेरून आत ठेवला आहे. कीपासएक्ससी कॉपी केलेला पासवर्ड दहा सेकंदांत पुसतं, पण आतल्या विंडोजची क्लिपबोर्ड हिस्टरी चालू असेल तर तिथं मागच्या पंचवीस गोष्टी निवांत बसलेल्या असतात. ती आधी बंद करा.

एवढं सगळं म्हटल्यावर करायचं काय, तर आतल्या मशीनला तिच्यापुरती वेगळी, छोटी फाइल द्यायची. ड्रायव्हरला आपण गाडीची किल्ली देतो, कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा देत नाही. कीपासएक्ससीमध्ये कीशेअर नावाची सोय आहे. मुख्य फाइलीतला एखादा ग्रुप निवडायचा, त्याला ‘एक्स्पोर्ट’ लावायचं, स्वतंत्र पासवर्ड द्यायचा. तेवढ्या नोंदींची वेगळी फाइल तयार होते आणि मुख्य फाइल सेव्ह केली की तीही ताजी होते. माझ्या त्या ग्रुपमध्ये डोंगलने सही लागणाऱ्या कंपन्यांचीच लॉगिन आहेत. माझी बँक, ईमेल, बाकीचे क्लायंट यांतलं काही नाही. शेअर्ड फोल्डरही ‘रीड-ओन्ली’ आहे, म्हणजे आतून कोणी काही लिहू शकत नाही. त्यामुळं दोन्हीकडून एकच फाइल सेव्ह करताना एकाने केलेला बदल दुसऱ्याने पुसायचा, हा घोळही उरत नाही.

त्रास आहेच. आतून पोर्टलवर पासवर्ड बदलला तर बाहेर येऊन नवा हाताने टाकावा लागतो, असिस्टंट तोंड वाकडं करतो. करू दे. अर्थात, एक्सेल सोडून कोणी पासवर्ड मॅनेजरवर आला आणि अख्खी फाइल दोन्हीकडं उघडू लागला, तर मी त्याला अडवणार नाही. ते एक्सेलपेक्षा कितीतरी बरं.

अडत्यांना माझं सांगणं वेगळं आहे. पासवर्ड आमच्याकडं ठेवा, पण कुठं ठेवलेत ते विचारा. आणि पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल तुमचाच असू द्या, आमच्या ऑफिसातल्या पोराचा नको.