आई, ताज आणि किटलीभर चहा

'नंतर हाय टी' असं सेमिनारच्या कार्डवर छापलेलं असतं आणि हातात येतो गार समोसा, सोबत चार वेफर्स. आपण नाशिककर त्यावरही खूष! पण बॉस, खरा हाय टी म्हणजे इंग्लंडमधल्या कामगारांचं संध्याकाळचं पोटभर जेवण. काकडीचे सँडविच, स्कोन, छोटे केक असा नाजूक कारभार म्हणजे आफ्टरनून टी. 1840 च्या सुमारास बेडफर्डच्या डचेसबाईंना रात्रीच्या उशिराच्या जेवणापर्यंत दम निघेना, त्यातून ही पद्धत पडली असं सांगतात. थोडक्यात, आपली चार वाजताची भूक. त्यांनी तिला टेबलक्लॉथ घातला, एवढंच.

नाशिकला साहेब देवळालीत तोफा घेऊन राहिला. इंग्रजीला 'डूलॅली', म्हणजे डोकं फिरलेला, हा शब्दही त्याच देवळालीवरून मिळाला. पण साहेबाच्या त्या चहासाठी मला पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबई गाठावी लागली. ताजमहाल हॉटेल, पहिला मजला, सी लाउंज. सोबत आई.

आई नुकतीच रिटायर झाली. 31 वर्षं प्राथमिक शाळेत. शाळेची मुंबई ट्रिप असली की गेटवेवर पोरं मोजायचं काम तिचं. ताज कायम पाठीमागे. फोटोत दर वर्षी ताज आहे, आई आहे, आणि आत जायचा प्रश्नच कधी आला नाही. पहिल्या फ्रीलान्स चेकपासून माझ्या डोक्यात होतं, एकदा तिला आत न्यायचं. चेक वेळेवर येत नाहीत हा वेगळा कॉलम होईल.

दारात बॅगा तपासून घेताना आईने माझा दंड धरला. ''अगं, आपल्याला सोडतील ना आत?'' वर्गात जिच्या नुसत्या बघण्याने पन्नास पोरं गप्प व्हायची, ती बाई! मला काही बोलताच आलं नाही. आधी तिला पुढे केलं.

आत खिडकीशी टेबल मिळालं. हे हॉटेल 1903 चं, गेटवे त्यानंतरचा, 1924 चा. नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर हा जुना भाग ऑगस्ट 2010 मध्ये पुन्हा उघडला. कित्येक मुंबईकर घरांतले 'बघण्याचे' कार्यक्रम याच लाउंजमध्ये पार पडलेत, म्हणजे कांदेपोह्यांऐवजी सँडविच.

स्कोन आले. आधी जॅम की आधी क्रीम, यावर इंग्लंडात कॉर्नवॉल आणि डेव्हनवाले अजून भांडतात. (आपलं मिसळीचं चालतं ना, तसंच.) आईने दोन्ही बाजूला सारलं आणि स्कोन चहात बुडवला. मी इकडेतिकडे बघितलं. कुणाचंही लक्ष नव्हतं. मग मीही बुडवला. चांगला लागतो, पण पटकन तोंडात टाका, नाहीतर तुकडा कपात. साहेबाच्या चहासोबत इथे शेवबटाटापुरीही मिळते, तिच्यावर मात्र आईने मनापासून ताव मारला.

वेटर किटली घेऊन आला तर ही सवयीने उठली. ''द्या, मी ओतते.'' तो हसून म्हणाला, ''मॅडम, तुम्ही बसा.'' बसली खरी, पण कप भरेपर्यंत हात मांडीवर कसे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. आमच्या घरी आलेल्या प्रत्येकाला तिने चहा दिलाय. तिला बसल्या जागी कुणी दिलेला मला आठवत नाही. बाबांनी नाही आणि, खरं सांगायचं तर, मीही नाही.

बिल मी तिला दिसू दिलं नाही. तिने विचारलंच, मी निम्मं सांगितलं, तरी ''बाई गं!'' म्हणाली. ही चैन वर्षातून एकदाच परवडणारी. जायचं तर आधी बुकिंग करा, दुपारी जेवू नका.

निघताना आई खिडकीशीच थांबली. खाली गेटवेसमोर निळ्या युनिफॉर्ममधली एक शाळा रांगेत उभी होती. तिचं बोट हवेत हलायला लागलं.

''थांब गं, बेचाळीसपर्यंत आले होते.''