बसतं म्हणे!

जुन्या पिकअपची नवी मडगार्डं विकणाऱ्यांनो, तुमच्या मालाला मडगार्ड म्हणणं बंद करा. मडगार्डच्या आकाराचा पत्रा म्हणा, म्हणजे निदान खोटं बोलल्याचं पाप लागणार नाही.

अमेरिकेत १९४७ ते १९५५ या काळात निघालेली शेव्हरोलेची अर्ध्या टनाची ३१०० घ्या. साडेसहा फुटी हौदा, त्याच्या बाजू सरळ आणि मागची मडगार्डं बाहेरून बोल्टनं आवळलेली. गंजकं काढा, नवं लावा, झालं! प्रत्यक्षात तीन बोल्ट निमूट जातात आणि चौथं भोक अर्धचंद्र देतं. कड हौद्याला टेकत नाही, पुढचं टोक पायरीला भेटत नाही, कमानीच्या मधोमध दिसायचं ते चाक एका बाजूला सरकलेलं. विक्रेता फोनवर गोड आवाजात सांगतो, "थोडं जुळवून घ्यावं लागतं, साहेब." जुळवायचं म्हणजे कानस घेऊन भोकं लांबवायची. आणि कानस लागली की माल परत नाही, असं बिलाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं! इतका बेरकी सौदा आमच्या दारची बोहारीणही करत नसे.

फायबरग्लासवाल्यांचं कौतुक तर नकोच. गंजत नाही, कबूल. बोल्ट जरा जास्त आवळा, भोकाभोवती तडा हजर.

पण सगळं विक्रेत्याच्या माथी मारणाऱ्या गॅरेजवाल्यांनाही मी सोडणार नाही. अरे, हौद्याचे कर्ण मोजलेत का? तळाच्या लाकडी फळ्या नव्या घातल्या, तेव्हा हौदा काटकोनात राहिला का? मागची झडप सरळ लागते का? हौदा केबिनच्या रेषेत आहे का? हे आधी बघायचं. मग मडगार्ड ढिल्या बोल्टांवर टांगायचं, चाक, पायरी, कड सगळं पाहून शेवटी आवळायचं. रंग त्यानंतर. हे मात्र आधी आरशासारखा रंग मारून आणतात आणि मग पहार घालून भोकं जुळवतात. रंगाचा टवका उडाला की दोष पत्र्याचा! हौदा आणि मडगार्ड यांच्यामध्ये गोट असतो, तो पत्रा पत्र्यावर घासून करकरू नये म्हणून. यांनी तो फट झाकायला वापरला, आणि त्यातूनही उरलं तिथे बोटभर लांबी थापली.

मी आता भंगारातून मूळ मडगार्डच उचलतो. खालची कड कुजलेली असली तरी तेवढी कापून नवी पट्टी वेल्ड करता येते, भोकं मात्र जागच्या जागी असतात. भंगारवाला नव्याच्या दुप्पट सांगतो. मी घासाघीससुद्धा करत नाही.