कॉकपिटचा रंग दुकानात ठरवू नका

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. भर दुपारी थुवलहून जेद्दाहला निघाले होते. आदल्याच दिवशी गाडी धुऊन आणली होती, आणि धुणाऱ्याने मोठ्या हौसेने डॅशबोर्डवर सिलिकोनचं पॉलिश मारलं होतं. आतून गाडी नवी कोरी दिसत होती. पण रस्ता दक्षिणेकडे जाणारा, आणि डिसेंबरात आपल्या अक्षांशावर दुपारचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो, म्हणजे अगदी समोर. डॅशबोर्डचं लखलखीत प्रतिबिंब काचेवर पसरलं. पुढचा ट्रक थांबलेला आहे हे नेहमीपेक्षा दोनेक सेकंद उशिरा लक्षात आलं. ताशी १२० किलोमीटर वेगाने दोन सेकंद म्हणजे जवळजवळ ६७ मीटर. थोडक्यात वाचले.

त्याच आठवड्यात टेक्सासमधल्या एका मित्राने फोटो पाठवला. तो गॅरेजमध्ये दोन आसनी विमान बांधतोय. 'आतला रंग ठरला!' डॅशबोर्डसकट सगळीकडे चकचकीत बदामी. देखणा यात वादच नाही. मी लगेच कळवलं, 'अरे, हे करू नकोस.' तो चिडला. तीन वर्षं रिव्हेट मारणाऱ्या माणसाला, ज्याने आजवर एकही रिव्हेट मारलेला नाही अशा व्यक्तीने रंग शिकवावा, हे चिडण्यासारखंच आहे. तरीही माझं म्हणणं मी इथे मांडते. तुमच्यापैकी कुणी विमान बांधत असेल किंवा नसेल, गाडी तर सगळेच चालवतो.

हौसेने विमान बांधणं आपल्याला परकं नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं, २०१६ साली बीकेसीतल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. अशा विमानात प्रत्येक निर्णय बांधणाऱ्याचाच असतो. इंजिन, पंख, वायरिंग यांवर तो महिनोन्‌महिने अभ्यास करतो. रंग मात्र शेवटी येतो, आणि तो दुकानात ट्यूबलाइटखाली शेडकार्ड बघून ठरतो. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

गणित सोपं आहे. कॅनपी अ‍ॅक्रिलिकची असते. सरळ पडलेल्या प्रकाशापैकी तिचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के परत पाठवतो, म्हणजे दोन्ही मिळून ८ टक्के. काच तिरकी असली की हे प्रमाण वाढतं. आपण १० टक्के धरू. आता काचेखालचा भाग, ज्याला ग्लेअरशील्ड म्हणतात, तो बदामी असेल तर त्यावर पडलेल्या उन्हापैकी निम्मं वर परत येईल आणि त्यातलं १० टक्के काचेवरून तुमच्या डोळ्यांत. म्हणजे एकूण ५ टक्के. मॅट काळा रंग जेमतेम ५ टक्केच परत पाठवतो, म्हणून डोळ्यांत येतो फक्त अर्धा टक्का. दहापट फरक! हा प्रकाश समोरच्या दृश्यावर पातळ पडद्यासारखा पसरतो, आणि धुरकट आकाशात दूरवरचं विमान म्हणजे आधीच एक पुसट ठिपका असतो. ताशी २०० किलोमीटरने समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांमधलं अंतर दोन सेकंदांत २२० मीटरहून जास्त घटतं.

'मग काळा ग्लॉस मारतो,' मित्र म्हणाला. तेही नको. चकचकीत काळा रंगही सुमारे ४ टक्के प्रकाश परत पाठवतो, पण आरशासारखा, एकाच दिशेने. सूर्याचं ते प्रतिबिंब काचेवरून परत फिरलं तरी मूळ सूर्याच्या अडीचशेव्या भागाइतकं तेजस्वी राहतं, आणि भोवतालच्या आकाशापेक्षा शेकडो पटींनी प्रखर असतं. मॅट रंगात सिलिकाचे बारीक कण पृष्ठभाग खडबडीत करतात, त्यामुळे तेवढाच प्रकाश सगळीकडे विखुरतो. थोडक्यात, रंग काळा हवा आणि पोत मॅट हवा. एकाने भागत नाही.

मग सगळंच कॉकपिट मॅट काळं करायचं का? अजिबात नाही. सौदीत राहणाऱ्याला हे सांगायला नको. उन्हात उभ्या गाडीच्या काळ्या डॅशबोर्डला हात लावून बघा. शिवाय खोलीच्या तापमानाला घट्ट होणारी अनेक इपॉक्सी ६० ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात. बर्ट रुटान यांची लाँग-ईझी सारखी कंपोझिट विमानं बाहेरून पांढरी ठेवतात ती याच कारणाने. म्हणून ग्लेअरशील्ड कंपोझिटचं असेल तर त्यावर थेट काळा रंग न मारता वेगळा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा किंवा काळं मॅट कापड बसवावं, आणि विमान उभं असताना कॅनपीवर पांढरं कव्हर घालावं. बाजूच्या भिंतींना आणि खालच्या भागाला फिकट राखाडी सॅटिन उत्तम. आत उजेड राहतो, पडलेला स्क्रू सापडतो, आणि बुटांचे, हातांचे डाग पुसता येतात. मॅटवर डाग बसतात, आणि ते घासले की तेवढाच भाग चमकू लागतो.

आमच्याकडे आणखी एक शत्रू आहे, धूळ. खडबडीत मॅट पृष्ठभाग ती धरून ठेवतो, आणि इथली धूळ बदामी! आठवड्याभरात तुमचं काळं ग्लेअरशील्ड मित्राच्या आवडत्या रंगाचं होतं. म्हणून उड्डाणाआधी ओल्या फडक्याने पुसणं हे इंधन तपासण्याइतकंच नेमाचं काम समजा. पॉलिश मात्र कधीही नको.

दोन गोष्टी विसरू नका. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगात आयसोसायनेट असतं. ते फवारताना कापडी मास्क कामाचा नाही, बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा हवा. आणि रंगालाही वजन असतं. १०० मायक्रॉनचा थर चौरस मीटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास जातो. 'अजून एक हात' मारण्याआधी हे आठवा.

माझं ऐकू नका, स्वतः करून बघा. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांना दोन रंग लावा. भर दुपारी एकेक करून काचेखाली ठेवा, आपल्या सीटवर बसा आणि दूरच्या विजेच्या तारांकडे बघा. कुठल्या पुठ्ठ्यासोबत तारा दिसतात तो रंग तुमचा. कॉकपिट सुंदर दिसावं ही इच्छा गैर नाही. पण ते बाहेरून बघणाऱ्याला कसं दिसतं यापेक्षा आत बसून बाहेरचं काय दिसतं हे आधी बघायला हवं.

मित्राने अजून उत्तर दिलेलं नाही. पण काल त्याने एक फोटो पाठवला. विमानाच्या काचेखाली पुठ्ठ्याचे दोन तुकडे, आणि खाली एकच शब्द: 'बघतोय.'