पन्नास रुपयांची करुणा

भवानी पेठेत वाढलेल्या आम्हां मंडळींना कोंडवाड्याची ओळख कुणी करून द्यावी लागत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये, मागांच्या खडखडाटात, दिवसचे दिवस उभी राहिलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांतल्याच कुणाचे बोट धरून सुटीच्या दिवशी आम्ही विजापूर रस्त्यावरच्या महात्मा गांधी प्राणिसंग्रहालयात जात असू आणि जाळीपलीकडच्या माकडांना शेंगदाणे फेकत असू. माकड हात पसरी, आम्ही हसत असू. शेंगदाणा टाकणारा हात आणि खडा मारणारा हात यांत फारसे अंतर नाही, हे उमगायला बरीच वर्षे जावी लागली.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा. त्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालयातील प्राण्याला चिडवणे, इजा करणे, गोंगाटाने त्रास देणे, इतकेच नव्हे तर त्याला खाऊ घालणेही गुन्हा ठरवले. शिक्षा सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची. त्याच दुरुस्तीतून १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण उभे राहिले. त्याच्या मान्यतेवाचून कुणालाही प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. जागा, सावली, पाणी, पशुवैद्य या सर्वांचे नियम आहेत. तेव्हा 'कायदाच नाही' असे कुणी म्हणू नये. कायदा आहे, आणि तो वाईटही नाही. नाही ती त्याची जरब.

जरब असावी कशी? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम पाहा. मारहाण, उपासमार, अपुऱ्या जागेत कोंडणे, या साऱ्यांसाठी पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. दशकांमागून दशके उलटली, रुपयाचे मोल घसरत गेले, पण हा आकडा तसाच राहिला. पन्नास रुपयांत आमच्या पेठेत दोघांचा चहा-नाश्ताही धड होत नाही. तेवढ्यात मुक्या जिवाची यातना फिटते, असे आपली संसद मानत आली आहे.

दुसरे शस्त्र मान्यता रद्द करण्याचे. ते उगारले गेले की आम्ही टाळ्या वाजवतो, पण घाव कुणावर पडतो हे पाहत नाही. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सिद्धार्थ उद्यानातील प्राणिसंग्रहालयाची मान्यता २०१८ साली रद्द झाली. पण वाघ काही कागदाबरोबर हलत नाहीत. २०२० साली त्याच आवारात वाघिणीने बछड्यांना जन्म दिला. मान्यता जाते ती संस्थेची, जागा बदलायची वेळ येते ती प्राण्यावर, आणि ज्याच्या सहीने वर्षानुवर्षे दुरुस्ती लांबली त्याची फार तर बदली होते. गुन्हा करणारा एक आणि शिक्षा भोगणारा दुसरा, अशी ही व्यवस्था आहे.

आदेश निघाला तरी तो अंमलात यायला किती काळ लागतो, हे 'सुंदर'ने दाखवून दिले. २००७ साली जोतिबाच्या देवस्थानाला अर्पण केलेला हा हत्ती साखळदंडांत होता. त्याला हलवण्याचा आदेश राज्य शासनाने २०१२ साली दिला. प्रत्यक्षात तो बन्नेरघट्ट्याला पोहोचला २०१४ च्या जूनमध्ये, तोही उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्यावर. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टू प्रकरणात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा उच्चार केला होता. भुकेपासून, भीतीपासून, वेदनेपासून मुक्ती! शब्द केवढे सुंदर. पण ते साखळीपर्यंत पोहोचायला वर्षे लागतात.

येथे आमचे मित्र नेहमीचा प्रश्न टाकतात : ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, तेथे काळविटाच्या हौदाची चिंता कशाला? प्रश्न वरवर मानवतेचा आहे, प्रत्यक्षात तो आळसाचा वकील आहे. हौद कोरडा ठेवल्याने आजवर कुणाच्या घरचा माठ भरलेला नाही. जी यंत्रणा तक्रार करू न शकणाऱ्याला विसरते, तीच तक्रार करून थकलेल्यालाही विसरते. बिडी वळणाऱ्या बाईचे आणि पिंजऱ्यातल्या अस्वलाचे दुःख एक नव्हे, हे आम्हांला ठाऊक आहे. पण दोघांच्या अर्जावर धूळ बसवणारे टेबल एकच असते.

मग करावे काय? पशुवैद्याची जागा भरल्याशिवाय नवा प्राणी आणू नये. तपासणीचा अहवाल तिकीटखिडकीशेजारी मराठीत लावावा. दंडाचा आकडा संसदेने बदलावा, आणि तो संस्थेच्या तिजोरीतून नव्हे, जबाबदार अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल व्हावा. आणि आपण? वन्यजीव कायद्याचे कलम ५५ सामान्य नागरिकालाही साठ दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात फिर्याद करण्याची वाट मोकळी ठेवते. त्या वाटेवर गर्दी कधीच नसते.

शेंगदाण्याची पुडी विकत घेणारे आम्ही हजारो होतो. साठ दिवसांची नोटीस लिहिणारा आमच्यांत एकही नव्हता. दोष द्यायचाच तर प्रारंभ येथून करावा.