उशिराचा नफा सरकारने खाऊ नये

जमीन घ्यायची, मोबदला द्यायचा नाही आणि मालक कोर्टात आला की ‘फार उशीर केलात’ म्हणायचं. तालुक्याच्या कोर्टात भूसंपादनाचे दावे चालवताना सरकारचा हा बचाव मी इतक्यांदा ऐकलाय, की सरकारी वकील उभे राहण्याआधीच पुढची वाक्यं मला ठाऊक असतात. सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा पुन्हा फेटाळला, तरी कैफियतीत तो येतोच. कारण हरलं तरी सरकारचं फारसं काही जात नाही.

माझ्याकडे येणाऱ्या अशिलांच्या पिशवीतले कागद साधारण सारखेच असतात. खासगी वाटाघाटीने दिलेल्या जमिनीची ताबा पावती, तिच्यावर आजोबांचा अंगठा. पुढे मोबदला ठरवणारा निवाडा नाही, क्षेत्रातला बदल नोंदवणारं कमी-जास्त पत्रक नाही. शेतातून कालवा वाहतोय, पण सातबाऱ्यावर ते क्षेत्र अजून खातेदाराच्याच नावावर. त्याचा शेतसाराही तोच भरतो. वर कागदोपत्री पाच एकरांच्या पुढे जमीन दिसते म्हणून अल्पभूधारकाचा दाखला नाकारला जातो. गेलेल्या जमिनीने घरातल्या माणसांना असं आणखी एकदा लुबाडलेलं असतं.

आपल्या ठाणे जिल्ह्यातलंच प्रकरण घ्या. औद्योगिक विकासासाठी १९६४ मध्ये अधिसूचना निघाली, निरक्षर शेतकऱ्यांना समजावून त्यांच्याकडून ताबाही घेतला. शेजाऱ्यांना १९६६ मध्ये मोबदला मिळाला, यांना नाही. १९८१ मध्ये पुन्हा अधिसूचना निघाली, तीही अर्धवट राहिली. उच्च न्यायालयात विलंबाच्या मुद्द्यावर याचिका फेटाळली गेली. अखेर २ नोव्हेंबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अधिसूचना आजच निघाली असं धरून निवाडा करा.

हिमाचल प्रदेशात तर सरकारने कमालच केली. १९६७-६८ मध्ये एका निरक्षर विधवेच्या जमिनीतून रस्ता काढला, पैसे दिले नाहीत. ती दाद मागायला आली तेव्हा सरकारचं म्हणणं, इतकी वर्षं आमचा प्रतिकूल कब्जा आहे, त्यामुळे जमीन आमचीच झाली! जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा दावा उडवला आणि मोबदला द्यायला लावला. संपत्तीचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून गेला, पण अनुच्छेद ३००-अ शिल्लक आहे: कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही.

दुसऱ्याच्या पैशावर अन्यायाने श्रीमंत होऊ नये, हे तत्त्व सरकारला कळत नाही असं मात्र समजू नका. मफतलाल इंडस्ट्रीजच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने १९९६ मध्ये निकाल दिला, की जादा भरलेलं उत्पादन शुल्क कारखानदाराने ग्राहकांकडून आधीच वसूल केलं असेल, तर त्याला परतावा मागता येणार नाही. अशा परताव्यांना विरोध करताना सरकार हे तत्त्व हिरिरीने मांडतं. कालव्याखालच्या जमिनीचा प्रश्न आला की तेच तत्त्व विसरतं.

आपण हिशेब फक्त मालकाच्या नुकसानीचा करतो, घेणाऱ्याच्या फायद्याचा करत नाही. जुन्या दराने किंमत आणि वर व्याज दिलं की मिटलं, असं धरतो. जमिनीचा भाव व्याजापेक्षा वेगाने चढला, तर टाळाटाळीचं प्रत्येक वर्ष सरकारच्या पथ्यावर पडतं. बंगळुरू-म्हैसूर मार्गाच्या प्रकरणात हेच होणार होतं. भूखंडांची अधिसूचना २००३ ची, ताबा २००५ चा आणि निवाडा थेट एप्रिल २०१९ मध्ये, तोही अवमान याचिकेनंतर. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०१९ चा बाजारभाव द्यायला लावला. दिरंगाईतून होणारी कमाई काढून घ्यायचा हाच मार्ग आहे.

पण त्यासाठी प्रत्येकाने दिल्ली का गाठावी? अधिसूचनेआधी ताबा घेतला असेल, तर त्या काळाचं भाडं किंवा नुकसानभरपाई मालकाला मिळायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली विकास प्राधिकरणाविरुद्धच्या प्रकरणात २००४ मध्येच सांगितलंय. आपल्या महसूल खात्यालाही असं ‘भूभाडं’ नवीन नाही. ते ताब्याच्या दिवसापासून रिक्षाच्या मीटरसारखं आपोआप पडायला हवं, अर्ज-विनंत्यांवर अवलंबून नको.

यावर ठरलेला आक्षेप म्हणजे पैसा जनतेचा आहे. मान्य. कालव्याचं पाणी आणि रस्त्याचा वापरही जनतेचाच आहे. मग त्याची किंमत सगळ्यांनी मिळून द्यावी, एकाच कुटुंबाने का सोसावी? शिवाय लवकर दिलेला मोबदला स्वस्त पडतो. पुढे कोर्टाने चढा भाव द्यायला लावला, की महागात पडते ती टाळाटाळ, आणि ती करणारा अधिकारी तोवर निवृत्त झालेला असतो.

त्यामुळे नव्या कायद्याची वाट बघायची गरज नाही, एक परिपत्रक पुरेल. त्यात एवढंच असावं: जमिनीच्या प्रकरणात मुदतीचा किंवा प्रतिकूल कब्ज्याचा मुद्दा घ्यायचा असेल, तर मोबदला दिल्याची पावती कैफियतीला जोडा. पावती नसेल तर तो मुद्दा घेऊ नका, भूभाड्याचा हिशेब दाखल करा.