खेळ रचणाऱ्यांचे श्रम

उपनगरांतील मध्यमवर्गीय घरांतून अलीकडे एक नवा वाद ऐकू येतो. बोरिवलीचा वा मुलुंडचा मुलगा बारावीनंतर सांगतो की, मला व्हिडिओ गेमचा रचनाकार व्हायचे आहे. आणि वडील विचारतात, खेळून कोणाचे पोट भरले आहे? आपल्या कार्यकर्त्यांपैकीही अनेकांना हा श्रीमंती चैनीचा, किंबहुना जुगाराचा विषय वाटतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली, ते योग्यच झाले. परंतु खेळ निर्माण करणे हा जुगार नव्हे. ते श्रम आहेत, आणि म्हणूनच तो आपला प्रश्न आहे.

हा रचनाकार करतो तरी काय? चित्रे चित्रकार काढतो, संगणकाची आज्ञावली प्रोग्रामर लिहितो. परंतु खेळाचे नियम कोणते, अडथळा केव्हा यावा, हरलेल्याला पुन्हा उभे राहण्याची संधी किती द्यावी, हे रचनाकार ठरवतो. कच्चा नमुना इतरांच्या हाती द्यायचा, त्यांचे कोठे अडते ते पाहायचे आणि नियम पुन्हा बदलायचे, असे हे काम महिनोन्महिने चालते. नाटककाराच्या लेखनाइतकीच ही निर्मिती आहे.

मात्र या निर्मितीचा धनी कोण? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमानुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीत असताना केलेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. याचा व्यवहारातील अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती जाहीर केली आणि तिचे काम आपल्या पुणे व मुंबई येथील स्टुडिओंकडे सोपविले. प्रकाशन लांबत गेले, आणि मे २०२२ मध्ये ते काम कॅनडातील माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेले. निर्णय व्यवसायाच्या दृष्टीने बरोबर होता की चूक, हा येथे मुद्दा नाही. ज्यांनी त्या खेळावर आपली वर्षे खर्ची घातली, त्यांचा त्यावर कायद्याने कोणता हक्क उरला, हा मुद्दा आहे.

यावर असे म्हटले जाईल की, खेळ ही शेकडो हातांची निर्मिती. तीत एकेकाचा वाटा कसा मोजणार? हाच आक्षेप चित्रपटांच्या बाबतीतही घेतला जात असे. तरीही गीतकार आणि संगीतकार एकत्र आले, त्यांनी आपले गाऱ्हाणे संसदेपर्यंत नेले, आणि २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून मिळणाऱ्या मानधनात त्यांना समान वाटा मिळाला. निर्मात्याला तो हक्क करारात लिहून घेता येत नाही. जे अंधेरीच्या ध्वनिमुद्रण-कक्षांत काम करणाऱ्यांना साधले, ते त्याच अंधेरीत संगणकापुढे बसणाऱ्यांना अशक्य का असावे? अडचण कायद्याची कमी आणि संघटनेच्या अभावाची अधिक आहे. अमेरिकेत खेळांची तपासणी करणाऱ्या झेनिमॅक्सच्या कर्मचाऱ्यांनी जानेवारी २०२३ मध्ये आपली युनियन मालकाकडून मान्य करून घेतली, हे येथील तरुणांना कोणीतरी सांगितले पाहिजे.

शासनही आता या क्षेत्रात उतरले आहे. भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था २०२५ मध्ये मुंबईत सुरू झाली, आणि गोरेगावच्या चित्रनगरीत तिच्या कायम संकुलाची योजना आहे. जनतेचा पैसा लागतो तेथे जनतेच्या अटीही असल्या पाहिजेत. घाटकोपरच्या चाळीतील मुलीला परवडेल असे शुल्क असावे. करार कसा वाचावा आणि कामगार कायदे काय सांगतात, हे अभ्यासक्रमात शिकवावे. ज्याने खेळावर काम केले त्याचे नाव, त्याने मध्येच नोकरी सोडली तरी, खेळाच्या नामावलीत यावे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी या मुलांची थट्टा करू नये आणि त्यांना घाबरवूही नये. ‘अवश्य शीक’ असे त्यांना सांगावे. परंतु नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी ते त्यांच्यासह बसून वाचावे. नव्या धंद्यातील संघटनेची सुरुवात एवढ्या साध्या कामापासूनही होऊ शकते.