एक जपानी बोलपट आणि लालबागची खानावळ

‘जगण्यासाठीं खावें, खाण्यासाठीं जगूं नये,’ हा सुविचार आमच्या वर्गाच्या फळ्यावर वर्षांतून दोनदां तरी लिहिला जात असे. तो लिहिण्याची पाळी माझ्यावर आली कीं माझें अक्षर नेहमींपेक्षां बरें येई. कारण त्यांतील उपदेश मला मनापासून पटला होता, किंवा पटला आहे असें दाखविणें मला सोयीचें होतें. तें कसें, हें पुढें सांगेन. आज त्या सुविचाराविषयीं माझें मत बदललें आहे, आणि त्यास एक जपानी बोलपट कारण झाला, हें वाचून शाळेच्या वार्षिकाच्या वाचकांनीं हंसूं नये. अथवा हंसलें तरी चालेल; बोलपट विनोदीच आहे.

त्याचें नांव ‘ताम्पोपो’. जपानी भाषेंत हें एका पिवळ्या रानफुलाचें नांव आहे, आणि कथेच्या नायिकेचेंहि तेंच. जूझो इतामी यांनीं हा बोलपट १९८५ सालीं काढला. नायिकेचें काम त्यांच्या पत्नी नोबुको मियामोतो यांनीं केलें आहे. पदरीं एक लहान मुलगा असलेली ही विधवा बाई नवऱ्यामागें रामेनचें दुकान चालवीत असते. रामेन म्हणजे हाडें व भाज्या तासन्‌तास शिजवून काढलेल्या कढांत सोडलेल्या गव्हाच्या शेवया, वर मांसाच्या पातळ चकत्या आणि कांद्याची पात. पदार्थ मूळचा चीनकडचा, जपानांत रुजलेला, कामकऱ्याचें पोट थोडक्या पैशांत भरणारा. आपल्या मिसळीच्या बिरादरीचा म्हणावा. बाईचे कष्ट मोठे, पण कढाला चव नाहीं. गोरो नांवाचा एक मालमोटार हांकणारा गृहस्थ तिच्या दुकानीं येतो आणि तिनें विचारल्यावर खरें तें तोंडावर सांगतो. ती रागवत नाहीं. ‘मला शिकवा,’ म्हणते.

पुढला बोलपट म्हणजे तिची शाळाच. ती पहाटे धांवते, पाण्यानें भरलेलीं भांडीं उचलते, दुसऱ्यांच्या दुकानांवर टेहळणी करते. भिकाऱ्यांच्या टोळींत राहणाऱ्या, पण कढाचें मर्म जाणणाऱ्या एका वृद्धाला गुरु करते. शेवटीं तिचे पांच परीक्षक ओळीनें बसतात, वाडगे उचलतात आणि तळाचा थेंबहि ठेवीत नाहींत. रिकामा वाडगा हेंच तिचें प्रगतिपुस्तक.

मूळ कथेच्या मध्येंच इतामी लहान लहान प्रसंग पेरतात, आणि खरी गंमत त्यांत आहे. एका उंची उपाहारगृहांत रीतभात शिकविणाऱ्या बाई तरुण मुलींना इटालियन शेवया मुळींच आवाज न करतां कशा खाव्या याचा धडा देत असतात. तोंच पलीकडच्या मेजावरचा एक युरोपियन गृहस्थ त्याच शेवया मोठ्यानें भुरकूं लागतो! मुली पाहतात, एक भुरकते, दुसरी भुरकते, आणि अखेर बाईहि भुरकूं लागतात. ‘भुरका’ हा शब्द ज्या भाषेंत आहे, त्या भाषेच्या माणसास या प्रसंगाचें वेगळें स्पष्टीकरण नको. दुसऱ्या एका प्रसंगीं कांहीं बडे अधिकारी फ्रेंच भोजनगृहांत जातात. पदार्थांची यादी कोणालाच उमजत नाहीं. एकजण कांहींतरी मागवितो, आणि बाकीचे क्रमाक्रमानें ‘मलाहि तेंच’ म्हणतात. त्यांची बॅग सांभाळणारा कनिष्ठ कारकून मात्र यादी नीट वाचून, शंका विचारून, जाणत्यासारखें मागवितो. साहेबांचे चेहरे लाल होतात.

आपल्या जुन्या फार्सांत हंसूं येतें तें खादाडावर. पोट सुटलेला, लाडवांवर डोळा ठेवणारा मनुष्य रंगभूमीवर आला कीं प्रेक्षक हंसायला तयार. इतामी खादाडावर रागवत नाहींत. त्यांची थट्टा आहे ती लक्ष न देतां खाणारावर. दुसरा काय म्हणेल या भीतीनें खाणारावर. मला वाटतें, खादाडपणा आणि अन्नावरील प्रेम या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या फळ्यावरील सुविचारानें त्या एका खुंटीला टांगल्या होत्या.

आतां सोयीची गोष्ट सांगतों. माझे वडील लालबागेंत एका गिरणीच्या साचेखात्यांत होते. छातीच्या विकारानें त्यांना घरीं बसावें लागलें, तेव्हां आईनें आमच्या चाळींतल्या खोलींतच खानावळ घातली. कोंकणांतून आणि घाटावरून आलेले, बायकामुलें गांवीं ठेवलेले बावीस गडी तिच्याकडे जेवत. गिरणगांवांत अशा खानावळी घरोघर होत्या. एकेका खोलींत पाळीपाळीनें निजणाऱ्या माणसांच्या जेवणाची सोय करणाऱ्या या बाया नसत्या, तर गिरण्यांचे भोंगे कोणासाठीं वाजले असते हा प्रश्नच आहे. सकाळीं डाळ, भात, चपाती, भाजी. बुधवारीं मासळी, रविवारीं मटण. उन्हाळ्यांत लालबागच्या बाजारांतून मिरची आणून, वाळवून, डंकावर कुटून वर्षाचा मसाला होई. दुसऱ्या पाळीचे डबे गिरणीच्या फाटकाशीं पोंचविण्याचें काम माझें.

आणि मला त्याची लाज वाटे. शाळेंत माझ्या बाजूला बसणाऱ्या मुलांच्या आया घरीं असत किंवा कचेरींत जात. पैसे घेऊन परक्यांना वाढणारी आई माझीच. शाळेच्या एका अर्जावर ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यांत मीं ‘कांहीं नाहीं’ असें सुवाच्य अक्षरांत लिहिलें. गणपतीच्या दिवसांत एक वर्गमित्र वडिलांबरोबर लालबागेंत आला असतां त्यानें मला डब्यांसह पाहिलें. दुसऱ्या दिवशीं त्यानें विचारलें, तेव्हां ‘शेजाऱ्यांचे होते’ म्हणून मीं वेळ मारून नेली. ज्याच्या घरीं दिवसभर खाण्याचाच विचार चाले, त्याला ‘खाण्यासाठीं जगूं नये’ हें वाक्य फळ्यावर लिहिण्यांत केवढी सुटका वाटत असेल, हें वाचकांनीं ताडावें.

याच बायांसाठीं प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं दादर येथें अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें. गोव्याच्या मुक्तिलढ्यांत भाग घेतलेल्या या बाईंनीं खानावळवाल्यांना एकत्र आणून बँकेचें कर्ज मिळवून दिलें. तोंवर त्यांना सावकाराखेरीज दुसरें दार नव्हतें. पुढें २००२ सालीं प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. आमची एक शेजारीण आईला मंडळांत नांव घालण्यास घेऊन जाण्यासाठीं आली होती. ‘शाळेंत कळेल,’ म्हणून मी रडलों. आई गेली नाहीं.

त्यानंतर फार दिवस लोटले नाहींत तोंच १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. आमच्या बावीस गड्यांपैकीं कांहीं गांवीं गेले, कांहीं आज मिटेल, उद्यां मिटेल या आशेवर राहिले. राहिलेल्यांस आई उधारीवर वाढीत राहिली. प्रथम मटण गेलें, मग मासळी गेली, मग तिच्या हातांतल्या पाटल्या गेल्या. संप मिटला असें कोणी जाहीरपणें म्हटलेंच नाहीं. वहींतली उधारीहि तशीच राहिली.

बोलपटांत एक प्रसंग आहे. आई मरणाच्या दारीं असते. नवरा धांवत घरीं येतो आणि तिला जागें ठेवण्यासाठीं कांहीं सुचेना म्हणून ओरडतो, ‘ऊठ, स्वयंपाक कर!’ ती खरोखरच उठते, भात परतते, मुलांपुढें ठेवते, तीं खातांना पाहून हंसते, आणि कोसळते. बाप रडत मुलांना सांगतो कीं गरम आहे तोंवर खा, हें तुमच्या आईच्या हातचें शेवटचें आहे. या जागीं हंसावें कीं रडावें हें कळत नाहीं. मला कळलें नाहीं खरें; पण त्या भाताकडे मीं जसें पाहिलें तसें आमच्या ताटांतल्या भाताकडे त्या वर्षीं पाहिलें नव्हतें.

दुसरी एक गोष्ट मनांत राहिली, ती पाटीची. शिक्षण पुरें झाल्यावर दुकानाची जुनी पाटी उतरते आणि बाईच्या स्वतःच्या नांवाची पाटी चढते. आम्हां मुंबईकरांना पाटीचें भारी कौतुक. दादरला १९१० सालीं निघालेलें मामा काणे यांचें उपाहारगृह, गिरगांवांत खोताच्या वाडींतील, आतां बंद झालेला अनंताश्रम, यांचीं नांवें आम्हीं अभिमानानें घेतों, आणि घ्यावींच. पण गिरणगांव जिनें जेवूं घातला, तिच्या दारावर पाटी नव्हती. गडी तिला ‘मावशी’ म्हणत. त्यांतल्या कितीजणांस तिचें नांव ठाऊक होतें, देव जाणे. आतां परळला गिरण्यांच्या आवारांत मोठमोठीं भोजनगृहें थाटलीं आहेत. तेथें हेंच रामेन शेंकड्यांनीं रुपये मोजून मिळतें. त्याला माझी हरकत नाहीं. मींहि खाल्लें आहे, बरें होतें.

पालकांस एक सूचना करणें अवश्य आहे: या बोलपटांत एका पांढऱ्या पोशाखांतील गुंडाचे व त्याच्या मैत्रिणीचे कांहीं प्रसंग मुलांनीं पाहण्याजोगे नाहींत, आणि माझ्या मतें त्यांवांचून बोलपटाचें कांहीं अडलेंहि नसतें. आधीं स्वतः पाहून मग ठरवावें.

मागच्या सुट्टींत मीं तो आईबरोबर पुनः पाहिला. तिचें वय आतां ऐंशींच्या पुढें आहे. जपानी येत नाहीं, इंग्रजी अक्षरें वाचतां येत नाहींत. मी मधूनमधून सांगत होतों. बाईचा कढ पहिल्यानें बिघडतो तेथें ती म्हणाली, ‘आंच मोठी ठेवली असेल. हाडांचा रस असा खदखदवायचा नसतो, गढूळ होतो.’ पुढें ती गप्प बसून पाहत राहिली. पांचही वाडगे रिकामे झाले तेव्हां तिनें विचारलें, ‘हिच्याकडे जेवणारे पैसे वेळच्या वेळीं देतात ना रे?’

‘रोख देतात,’ मीं सांगितलें.

‘मग बरें आहे,’ ती म्हणाली, आणि चष्मा पुसावयास लागली.